देऊळ फिरलं, पण कोणतं? नामदेवांची बानी आणि अभ्यासकाची नजर



आजच्या चिंतनासाठी नेहमीसारखा गाथेतला अभंग घेतलेला नाही. पद संत नामदेवांचंच आहे, पण ते श्री गुरू ग्रंथ साहिबातलं आहे. राग भैरउ, अंग ११६४. गुरू ग्रंथ साहिबाच्या पानाला पान म्हणत नाहीत, अंग म्हणतात. शिखांसाठी ग्रंथ हाच देहधारी गुरू आहे, म्हणून हा शब्द.

पदाचा भाव थोडक्यात असा. नामदेव मोठ्या आनंदात देवळात येतात. भक्ती चाललेली असतानाच त्यांना धरून बाहेर काढलं जातं, कारण त्यांची जात. ते देवालाच विचारतात, मला छीप्याच्या घरी जन्म तरी कशाला दिलास? मग आपली घोंगडी उचलतात आणि देवळाच्या मागच्या बाजूला जाऊन बसतात. तिथे ते नाम घेऊ लागतात आणि देऊळ भक्ताकडे वळतं. पद इथंच संपतं. बाहेर काढणाऱ्यांना शिक्षा झाली का, त्यांनी माफी मागितली का, यावर एक अक्षर नाही.

ही गोष्ट आपल्याला कीर्तनातून माहीत असते. मी तर तिच्या शेजारीच वाढले. आमचं गाव सिद्धेश्वर, हिंगोली जिल्ह्यातलं, पूर्णा नदीवरच्या धरणामुळे लोकांना माहीत असलेलं. जवळच औंढा नागनाथ. तिथला नंदी देवळाच्या मागच्या बाजूला आहे आणि का आहे हे आमच्याकडे लहान पोरालासुद्धा सांगता येतं: नामदेवांसाठी देऊळ फिरलं, नंदी तिथेच राहिला. नामदेवांचं जन्मगाव म्हणून मानलं जाणारं नर्सीही आमच्याच जिल्ह्यात. आणि सिद्धेश्वरच्या धरणातून सुटलेलं पाणी पूर्णेतून गोदावरीला मिळतं, मग नांदेडवरून पुढं जातं. त्याच नांदेडला १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला आणि त्याआधी गुरुपद ग्रंथाला दिलं. म्हणजे नामदेवांची पदं ज्या ग्रंथात आहेत, तो ग्रंथ 'गुरू' झाला तो आमच्याच नदीच्या खालच्या अंगाला.

काही दिवसांपूर्वी एका वाचक मैत्रिणीनं विचारलं होतं, "ताई, तू अभ्यासकांची पुस्तकं वाचतेस. कोणती प्रत जुनी, कोणतं पद नंतर आलं, कोणता शब्द बदलला. हे सगळं वाचून श्रद्धा पातळ होत नाही का गं?" प्रश्न खरा आहे आणि तो एका ओळीत उडवून लावण्यासारखा नाही. म्हणून आज हेच पद धरून उत्तर शोधूया.

तीन वाक्यं, तीन डबे

अभ्यासाची पहिली सवय अगदी साधी आहे. कोणतंही विधान कानावर आलं की विचारायचं: हे ग्रंथात लिहिलेलं आहे, परंपरेनं सांगितलेलं आहे, की कुणीतरी पुराव्यावरून काढलेला अंदाज आहे? ही तीन वाक्यं तीन वेगळ्या डब्यांत ठेवायची. मिसळायची नाहीत.

आता देवळाची गोष्ट घ्या. आपल्याकडे पटकन म्हटलं जातं, "औंढ्याचं देऊळ फिरल्याचा उल्लेख गुरू ग्रंथ साहिबात आहे." नीट बघूया. देऊळ फिरल्याचा उल्लेख आहे, एकदा नाही, दोनदा आहे. एक या भैरउ रागातल्या पदात आणि दुसरा मलार रागात, अंग १२९२ वर. पण औंढ्याचं नाव या दोन्ही पदांत कुठेही नाही. शब्द आहे फक्त 'देहुरा', म्हणजे देऊळ.

आणखी एक गोष्ट लक्षात येते. भैरउच्या पदात नामदेव देवाला यादवांचा राजा म्हणून हाक मारतात, आणि मलारच्या पदात 'बीठुला' म्हणून. औंढा तर शंकराचं स्थान. मग देऊळ कोणाचं? ग्रंथ सांगत नाही. औंढ्याचं नाव आपल्याला मराठी परंपरा देते. महिपतींच्या 'भक्तविजया'त, म्हणजे १७६२ सालच्या ग्रंथात, ही गोष्ट नागनाथाच्या देवळाशी जोडलेली आहे.

मग पंजाबची आणि आपली गोष्ट वेगळी आहे का? इथं अभ्यासक आणखी साक्षी शोधतो. ग्रंथाची प्रत लिहून घेणारे भाई गुरदास यांनी स्वतःच्या दहाव्या वारेत भक्तांच्या कथा सांगितल्या आहेत, त्यात नामदेवांसाठी देऊळ फिरल्याचं आहे. त्याच सुमाराला राजस्थानात नाभादासांनी 'भक्तमाल' रचली, तिच्यातही देऊळ उलटल्याचा उल्लेख आहे. म्हणजे इसवी सन १६०० च्या आगेमागे पंजाब आणि राजस्थान, दोन्हीकडे ही गोष्ट रुजलेली होती. इतक्या लांबवर, इतक्या वेगवेगळ्या माणसांच्या तोंडी.

यावरून दगड खरंच हलले हे सिद्ध होत नाही. पण हे नक्की कळतं की नामदेव म्हटलं की या सगळ्यांना सर्वांत आधी काय आठवत होतं: ज्याला बाहेर काढलं, त्याच्याकडे देव वळला. मला विचाराल तर ही माहिती हातात आल्यावर माझा नंदी लहान झाला नाही. उलट तो एकट्या औंढ्याचा राहिला नाही, इतकंच.

नामदेव ग्रंथात आले कसे

गुरू ग्रंथ साहिबात सहा गुरूंच्या बानीसोबत पंधरा भगतांची बानी आहे. सर्वांत जास्त कबीरांची. नामदेवांची पदं ६१, अठरा रागांत विखुरलेली. रविदास, शेख फरीद, त्रिलोचन, धन्ना, सैन, जयदेव हे सगळे त्याच पंक्तीत. विणकर, चांभार, न्हावी, सूफी आणि एक शिंपी.

हा संग्रह एका दिवसात तयार झाला नाही. तिसरे गुरू अमरदास यांच्या काळातल्या, साधारण १५७० च्या आसपासच्या, गोइंदवालच्या पोथ्यांपैकी दोन आज उपलब्ध आहेत. त्यांतही गुरूंच्या बानीबरोबर भगतांची बानी आहे, नामदेवांचीही आहे. मग पाचवे गुरू अर्जनदेव यांनी अमृतसरला सगळं संकलन केलं, भाई गुरदासांनी लिहून काढलं आणि १६०४ साली आदिग्रंथ सिद्ध झाला. पुढे गुरू तेगबहादूर यांची बानी त्यात आली. आज छापील ग्रंथाची अंगं १४३० असतात आणि कोणत्याही गुरुद्वाऱ्यात गेलात तरी अंग ११६४ वर हेच पद सापडतं.

माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्या मुलीला यातली सर्वांत आवडती गोष्ट म्हणजे आकडे. ग्रंथात पदाच्या शेवटी ॥४॥२॥ असे आकडे असतात. म्हणजे हे पद चार कडव्यांचं, आणि या गटातलं दुसरं. पुढं जाता जाता बेरजाही येतात: इतक्या पदांचा हा गट, इतके मिळून एकूण. मध्ये कुणी एखादं पद घुसवलं किंवा गाळलं तर बेरीज चुकणार. आपण फाईल पाठवताना ती वाटेत बिघडली नाही ना हे तपासायला चेकसम लावतो, तसंच हे. चारशे वर्षांपूर्वी, बोरूनं, हातानं लिहिलेलं. ज्याला वाटतं की काटेकोरपणा आणि भक्ती यांचं पटत नाही, त्यानं हे आकडे एकदा बघावेत.

काना-मात्रेतला अर्थ

जुन्या प्रतींत शब्द सुटे लिहिलेले नसत. सगळी ओळ सलग, मध्ये जागा नाही. याला 'लडीवार' म्हणतात. आपल्या जुन्या मराठी पोथ्याही अशाच सलग लिहिलेल्या असत. त्यामुळे शब्द कुठे तोडायचा हा अर्थाचाच प्रश्न होऊन बसतो. एक अक्षर इकडचं तिकडे गेलं की अर्थ फिरतो.

इथं विसाव्या शतकात प्राध्यापक साहिबसिंग यांनी मोठं काम केलं. गुरबानीतल्या शब्दांच्या शेवटी ऱ्हस्व उकार आणि इकार दिसतात. पाठ करताना ते सहसा उच्चारले जात नाहीत, म्हणून ते नुसतं जुनं वळण आहे असं वाटू शकतं. साहिबसिंगांनी दाखवलं की ते व्याकरण आहे. 'नामु' म्हणजे नाम, एकवचनी, कर्ता किंवा कर्म. 'नामि' म्हणजे नामात किंवा नामानं. एका वेलांटीनं 'नाम' आणि 'नामात' यातला फरक होतो. याच पायावर त्यांनी दहा खंडांचं 'श्री गुरू ग्रंथ साहिब दर्पण' लिहिलं, १९६२ ते १९६४ दरम्यान.

आता मजा बघा. हा शेवटचा उकार आपल्याला परका नाही. ज्ञानेश्वरांच्या अभंगांच्या शेवटी येणारी मुद्रा आठवा: 'रखुमादेविवरु'. वर नाही, वरु. ज्ञानेश्वरीत असे उकारान्त शब्द पानोपानी भेटतात. दोन्हीकडचा हा उकार अपभ्रंश भाषेकडून वारशात आला आहे. तसंच गुरबानीतल्या 'नामि'सारखा सप्तमीचा इकार आणि जुन्या मराठीतला 'घरीं', 'मनीं' यातला ईकार एकमेकांच्या घरातले वाटतात. गुरुमुखी अक्षरं शिकायला आठ-दहा दिवस पुरतात. ती आली की ज्ञानेश्वरी वाचणाऱ्या माणसाला गुरबानी अगदीच अनोळखी राहत नाही.

नामदेवांच्या पदांत तर आपले ठसे थेट दिसतात. तिलंग रागातल्या एका पदात फारसी शब्दांची दाटी आहे, करीम, रहीम वगैरे, आणि त्याच पदात स्वतःचं नाव घालताना 'चे' हा आपला षष्ठीचा प्रत्यय येतो. फारसी शब्द आणि मराठी प्रत्यय एकाच पदात. मलारच्या पदात विठ्ठलाला 'बाप' म्हटलंय.

पण इथंही डबे सांभाळायचे. 'चे' दिसलं म्हणून पद नर्सीच्या माणसानंच, जसंच्या तसं रचलं हे सिद्ध होत नाही. गाणारे एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जाताना प्रत्ययही सोबत नेतात. प्रत्यय इतकंच सांगतो की या गाण्याच्या प्रवासात मराठी कान आणि मराठी जीभ कुठेतरी आहे.

संतांनी केलेली पाठचिकित्सा

आता माझ्या मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येते. प्रती जमवायच्या, ताडून बघायच्या, नंतर घुसलेलं बाजूला काढायचं, शुद्ध पाठ ठरवायचा. याला आज विद्यापीठात पाठचिकित्सा म्हणतात. हे काम बाहेरून आपल्यावर लादलेलं आहे का?

१५८४ साली, शके १५०६ मध्ये, पैठणला एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीचं शुद्धीकरण पूर्ण केलं. तोवर ज्ञानेश्वरी लिहून तीनशे वर्षं होत आली होती आणि प्रतींत पाठभेद शिरले होते. नाथांनी प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि वर ताकीद दिली की यापुढे कुणी यात आपली ओवी मिसळू नये. त्यानंतर बरोबर वीस वर्षांनी, १६०४ साली, अमृतसरला गुरू अर्जनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला. तिथंही कारण तेच होतं. गुरूंच्या नावावर खपवलेली कच्ची बानी फिरू लागली होती, खरी कोणती हे एकदा पक्कं करायचं होतं.

एक गोदाकाठी, एक पंजाबात. दोघांची भेट झाल्याचं कुठे दिसत नाही. पण दोघांनाही एकच गोष्ट कळली होती: ज्या शब्दावर आपण जीव ठेवतो, तो शब्द नेमका कोणता हे तपासणं हा अविश्वास नाही. ती सेवा आहे. आईच्या हातचं पत्र पावसात भिजलं तर आपण त्यातलं एकेक अक्षर डोळे ताणून लावतो ना? ते आपण आईवर शंका आहे म्हणून करत नाही.

अवघड प्रश्न टाळायचे नाहीत

तरी काही प्रश्न टोचतात. त्यांतला मोठा: ग्रंथातले नामदेव आणि गाथेतले नामदेव एकच का?

हा प्रश्न उगाच आलेला नाही. आपल्या गाथेतच विष्णुदास नामा नावाच्या नंतरच्या कवीचे अभंग मिसळलेले आहेत, हे मराठी अभ्यासकांनीच दाखवलं. परंपरेनं नामदेवांचा काळ १२७० ते १३५०. पण त्यांच्या पदांच्या हाती असलेल्या प्रती त्यानंतर फार उशिराच्या आहेत. पंजाबात त्यांचं वास्तव्य घुमानला, गुरदासपूर जिल्ह्यात. तिथली परंपरा सांगते की त्यांनी देह तिथंच ठेवला. आपण पंढरपूरला नामदेवांच्या पायरीवर डोकं ठेवतो. शं. पु. जोशी यांनी 'पंजाबातील नामदेव' हे पुस्तक लिहून या सगळ्याचा मराठी वाचकांसाठी शोध घेतला. पुणे विद्यापीठानं १९६४ साली भगीरथ मिश्र आणि राजनारायण मौर्य यांनी संपादित केलेली नामदेवांची हिंदी पदावली प्रसिद्ध केली. १९७० साली महाराष्ट्र शासनाची 'श्री नामदेव गाथा' आली.

पुढे बेल्जियमचे विनांद कालेवार्ट आणि आपले मुकुंद लाठ या दोघांनी राजस्थानातल्या दादूपंथी पोथ्या आणि आदिग्रंथ समोरासमोर ठेवून नामदेवांची हिंदी पदं तपासली. १९८९ साली ते काम छापून आलं. त्यांना दिसलं असं: एकच पद दोन्हीकडे असलं तरी कडव्यांचा क्रम वेगळा, शब्द वेगळे. कारण ही पदं आधी लिहिली गेली नाहीत, आधी गायली गेली. गाणारे फिरत राहिले, पदं त्यांच्यासोबत फिरली आणि मग वेगवेगळ्या ठिकाणी कुणीतरी ती उतरवून घेतली. अमेरिकेतले ख्रिश्चन नोवेत्झके यांनी २००८ च्या आपल्या पुस्तकात आपल्याकडच्या कीर्तनकारांच्या बाडांचा अभ्यास करून असंच काहीसं म्हटलं: नामदेवांची परंपरा कागदावर कमी आणि कीर्तनात, लोकांच्या आठवणीत जास्त जगली.

वारकऱ्याला यात धक्का बसण्यासारखं काय आहे? नामदेव म्हणजे कीर्तनात नाचणारे संत. त्यांचं गाणं कागदाआधी गळ्यात असणार, हे विद्यापीठानं पोथ्या मोजून सांगितलं, इतकंच. 'एकच का दोन' याचं शेवटचं उत्तर अभ्यासकांकडून मिळेल तेव्हा मिळेल. साधनेला त्याची वाट बघत बसायची गरज नाही. पण साधनेच्या नावाखाली त्या प्रश्नाचं तोंडही दाबायचं नाही.

जिथं खरंच दुखलं

शीख समाजाचा अनुभव आपल्यापेक्षा कडक आहे, तो समजून घ्यायला हवा. इंग्रज सरकारनं आदिग्रंथाच्या भाषांतराचं काम जर्मन पंडित अर्न्स्ट ट्रुम्प याला दिलं. त्याचं पुस्तक १८७७ साली आलं. त्यानं ग्रंथाच्या काही भागाचंच भाषांतर केलं आणि प्रस्तावनेत ग्रंथाबद्दल तुच्छतेनं लिहिलं. भाषा त्याला येत होती, आदर येत नव्हता. ती जखम पुढे अनेक वर्षं राहिली. मग मॅक्स आर्थर मेकॉलिफ यांनी सरकारी नोकरी सोडून, ग्यानी मंडळींजवळ बसून, त्यांना विचारत विचारत सहा खंड लिहिले. ते १९०९ साली प्रसिद्ध झाले. सहाव्या खंडात नामदेव आहेत. ग्रंथ तोच, अभ्यासही दोघांचा, पण बसण्याची जागा वेगळी. एक जण परीक्षकाच्या खुर्चीत बसला, दुसरा विचारायला खाली बसला.

यानंतरही ताण संपला नाही. पशौरा सिंग यांनी टोरोंटो विद्यापीठात १९९१ साली आदिग्रंथाच्या पाठावर पीएच.डी. केली. जुन्या हस्तलिखितांवरून पाठ कसा घडत गेला, असा त्यांचा विषय होता. अनेकांना ते लागलं. बानी जर थेट परमेश्वराच्या घरून आलेली, तर तिचे मसुदे कसे असतील? १९९४ साली त्यांना अकाल तख्तासमोर बोलावलं गेलं आणि त्यांनी तिथं सांगितलेलं धार्मिक प्रायश्चित्त स्वीकारलं. त्यांनी अभ्यास सोडला नाही. २००३ साली त्यांचं गुरू ग्रंथ साहिबातल्या भगतांवरचं पुस्तक आलं.

कोण बरोबर, कोण चूक, हा निवाडा करणारी मी कोण? पण मला दोन्ही बाजूंचं मोल दिसतं. ज्यांनी हरकत घेतली त्यांच्यासाठी ग्रंथ ही वस्तू नाही, समोर बसलेला गुरू आहे. गुरूच्या अंगाला हात लावताना हात थरथरायलाच हवा. आणि ज्यांनी अभ्यास केला, त्यांना त्याच गुरूचं एकेक अक्षर नीट जाणून घ्यायचं होतं. ही दोन माणसं खरं तर एकाच माणसाच्या आत असावी लागतात. नुसता थरथरणारा हात पोथी उघडत नाही. नुसता न थरथरणारा हात ट्रुम्पचा होतो.

मग पदाकडे

आता तेच पद पुन्हा वाचूया. गुरबानी वाचताना 'रहाउ' असं लिहिलेली ओळ शोधायची. आपल्या अभंगातलं ध्रुपद जसं, तसंच ते. पदाचा गाभा बहुतेक वेळा तिथं असतो, म्हणून ती ओळ आधी वाचायची. या पदात रहाउच्या ओळीत चमत्कार नाही. तिथं आहे तो प्रश्न: मी छीपा म्हणून का जन्मलो?

देऊळ फिरणं हा पदाचा शेवट आहे, गाभा नाही. आपण कीर्तनात टाळ्या वाजवतो त्या देऊळ फिरल्यावर. ग्रंथ आपल्याला थांबवतो तो त्याआधी, बाहेर काढलेल्या माणसाच्या प्रश्नापाशी. तो प्रश्न अजून सुटलेला नाही. आपल्या सोसायटीत घर भाड्यानं देताना आडनाव विचारलं जातं. ऑफिसात डबा उघडताना कुणी काय खातं यावर बाकं ठरतात. आपण, रोज सकाळी पाच मिनिटं चिंतन वाचणारी माणसं, त्या वेळी देवळाच्या कोणत्या बाजूला बसलेलो असतो?

हा प्रश्न मला श्रद्धेनं एकटीनं दाखवला नसता, कारण चमत्कारानंच माझं पोट भरलं होतं. 'रहाउ' कुठे आहे हे बघायला अभ्यासानं शिकवलं. आणि अभ्यासानं एकट्यानं तो प्रश्न माझ्या जिवाला लावला नसता. त्यासाठी आजीनं औंढ्याच्या नंदीपाशी उभं करून सांगितलेली गोष्टच लागली.

म्हणून मैत्रिणीला माझं उत्तर: नाही गं, श्रद्धा पातळ होत नाही. तिच्यातलं पाणी काढलं जातं, दूध उरतं.

आजचा अभ्यास

१. नामदेवांचं एक पद गुरू ग्रंथ साहिबातून आणि एक अभंग गाथेतून निवडा. दोन्ही सावकाश, मोठ्यानं वाचा. गुरबानीचे पाठ देवनागरीतही सहज मिळतात. आधी रहाउ आणि ध्रुपद शोधा.

२. नामदेवांबद्दल तुम्हाला माहीत असलेल्या पाच गोष्टी लिहा. प्रत्येकीपुढे लिहा: ग्रंथात आहे, परंपरेत आहे, की अंदाज आहे. पुढच्या वेळी कुणाला सांगताना तेही सांगा.

३. जमलं तर पंजाब डिजिटल लायब्ररीच्या संग्रहातली जुनी हस्तलिखितं बघा. २००३ पासून तिथं पोथ्यांच्या डिजिटल प्रती करण्याचं काम चालू आहे. अक्षर लागलं नाही तरी चालेल. सलग लिहिलेली ओळ नुसती डोळ्यांखालून घाला. लिहिणाऱ्याचा हात दिसेल.

४. आज दिवसभरात कुणाला 'बाहेर' बसवलं जात असेल, तर काही मोठं करायची गरज नाही. आपली घोंगडी उचलायची आणि त्याच्या शेजारी जाऊन बसायचं.

२०१५ साली ८८ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं होतं, सदानंद मोरे अध्यक्ष होते. तेव्हा पुष्कळांना पहिल्यांदा कळलं की आपला नामा तिकडे कुणाच्या तरी घरचा आहे. तिकडच्या लोकांनी त्याची ६१ पदं एकेक वेलांटीसकट सांभाळली. आपलं माणूस दुसऱ्यानं इतक्या जपणुकीनं ठेवलंय म्हटल्यावर ते नीट वाचणं, एवढं तरी आपल्याकडून व्हायला हवं.

उद्या मलार रागातलं, अंग १२९२ वरचं पद घेऊ. तोवर नाम चालू ठेवा.

राम कृष्ण हरी. सत् श्री अकाल.